शेंदराखालचा म्हातारबा

"पहारीनं उचकटलाय," मगदूम वकील खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसत म्हणाले. "दोन माणसांचं काम. आणि बाहेर गाडी उभी असणार."

मला तसं वाटत नव्हतं. खड्ड्याच्या कडा गोलसर होत्या. माती एका अंगाला नीट सारून ठेवलेली होती आणि खालच्या ओलसर थरात बोटांनी ओरबाडल्यासारख्या रेघा दिसत होत्या. पहारीचा घाव असा नसतो. पण पहारीबद्दल मला काय कळतं? मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकं दिली आणि परत घेतली. मी चष्मा पुसला.

खड्ड्यात आदल्या रविवारपर्यंत म्हातारबा होता. कुरणवाडीच्या राईतला हा देव. गावाचं नाव मी बदललं आहे, का ते पुढे कळेल. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं जंगल. कुंभा, अंजन, जांभळाची जुनी झाडं, मधोमध एक झरा, आणि झऱ्याच्या वर उघड्यावर गुडघ्याएवढा शेंदराचा गोळा. त्याला ना नाक ना डोळे. पिढ्यान्‌पिढ्या थापलेल्या शेंदराच्या आत मुळात काय आहे, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. बाजूला चार-पाच वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या माणसांच्या आठवणीचे कोरीव दगड, कलंडून पडले होते.

तालुक्याच्या गावातून आम्ही पाच-सहाजण दर रविवारी तिथे जायचो. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या शिंत्रेबाई पुढारी. पावसाळ्यानंतर रानमोडीचं तण उपटायचं, उन्हाळ्यात झऱ्यातला गाळ काढायचा, वीरगळ उभे करून त्यांची नोंद ठेवायची. हे सगळं हातांनी, कारण राईत लोखंड न्यायचं नाही हा गावाचा नियम. कोयता, कुदळ तर सोडाच, चपलेला खिळा असला तर ती चप्पलही बाहेर काढायची. आम्ही लाकडी खुंट्या घासून त्यांनी माती उकरायचो. वकिलांना हे हास्यास्पद वाटे, पण तेही पाळायचे.

त्या वर्षी वैशाखात ऊन असं तापलं की म्हातारबाच्या शेंदराला भेगा पडल्या आणि खालच्या बाजूचा एक जाड पापुद्रा गळून पडला. आदल्या रविवारी ते पहिल्यांदा मला दिसलं. बाकीचे झऱ्यावर होते. मी खिशातलं भिंग काढलं आणि बराच वेळ तिथे गुडघे टेकून बसलो. मग परत येऊन, चहा पिताना, म्हणालो की आत वीरगळ असावा, आणि त्यावर अक्षरं असावीत.

मी सहसा काही सांगत नाही. सांगितलं तरी 'असेल, नसेल' असं दोन्ही बाजूंनी सांगतो. त्या दिवशी मात्र बाईंनी विचारलं, नक्की का, आणि माझ्या तोंडून "नक्की" असं निघून गेलं. बाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी तिथूनच पुण्याच्या एका जाणकारांना फोन लावला. ते पुढच्या रविवारी संध्याकाळपर्यंत यायला कबूल झाले. मला फोनवर त्यांच्याशी बोलायला लावलं. त्यांनी मला 'आपण' म्हणून विचारलं, आपण काय वाचलंत? मी म्हटलं, आल्यावर दाखवतो. घरी जाऊन मी जुन्या लिपीची पुस्तकं पुन्हा काढली. माझं वाचन बरोबर होतं. हे मी तीन-चारदा ताडून पाहिलं, आणि दर वेळी बरोबर निघालं. असं माझ्या बाबतीत फारसं घडत नाही.

आणि आता खड्डा.

"आपण सहाजण सोडून कुणाला माहीत होतं?" वकील म्हणाले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. फक्त झऱ्याच्या पलीकडे पाहिलं.

पलीकडे वेळापुरे एकटाच दगडावर बसून पाय धूत होता. शशिकांत वेळापुरे, आमच्यातला सगळ्यात नवा. बाजारपेठेत त्याचं भांड्यांचं दुकान होतं. पुढे तांब्या-पितळेची भांडी आणि पूजेचं सामान, मागच्या खोलीत जुन्या वस्तू. मोडकळीला आलेल्या घरांचे कोरीव दरवाजे, समया, पानाचे डबे तो घ्यायचा आणि हायवेवरच्या हॉटेलांना विकायचा. भुशाच्या खोक्यांत भरलेला माल त्याच्या टेम्पोतून बाहेर जाताना सगळ्या गावानं पाहिलेला. असा माणूस एके दिवशी आपणहून आला आणि म्हणाला, मलाही रानमोडी उपटायचीय. बाईंनी घेतलं. वकिलांनी तेव्हाच मला हळूच म्हटलं होतं, मांजर म्हणतंय मी दुधाची राखण करतो. मी हसलो होतो, आणि नंतर प्रत्येक वीरगळाजवळ वेळापुरे किती वेळ थांबतो याकडे माझं लक्ष असायचं. तो हाताच्या वितीनं दगड मोजायचा. का मोजायचा, हे कुणी त्याला विचारलं नाही.

वकिलांचं ठरलं. पोलिसांत अर्ज द्यायचा आणि त्यात संशयित म्हणून वेळापुरेचं नाव घालायचं. अर्ज मी तिथेच लिहून काढला, कारण माझं अक्षर चांगलं. पण नुसता आमचा अर्ज चालणार नाही, देव गावाचा आहे, तेव्हा पुजारी धोंडीराम गुरव याची सही हवी. सकाळी आम्ही आल्यावर गुरव एकदा येऊन खड्डा बघून गेला होता. "देवाची मर्जी," एवढं बोलला आणि निघून गेला. बाईंनाही ते खटकलं होतं. ज्याचा देव गेला तो माणूस इतका शांत कसा?

"सोहनी, तुम्ही जाऊन या," बाई मला म्हणाल्या. "तुमच्याशी तो नीट बोलेल. आम्ही गेलो की दडपतो."

मी उठलो तर वेळापुरेही उठला. "मी येतो सर. मधली वाट मला ठाऊक आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला. लक्ष ठेवा.

आम्ही मधल्या वाटेला लागलो. तो पुढे, मी मागे. पाणवठ्यावरून येणाऱ्या दोन बायका आम्हाला बघून थांबल्या, वेळापुरेला पाहून किंचित हसल्या आणि मला पाहून त्यांनी पदर ओढला. त्यातली एक जाता जाता मागे वळली आणि हात जोडले. मला वाटलं राईकडे तोंड करून जोडले असतील. पण राई तर दुसऱ्या बाजूला होती. तिनं हात जोडले होते ते वाडीच्या टोकाच्या घराकडे, जिकडे आम्ही चाललो होतो.

गुरवाच्या अंगणात पोचल्यावर वेळापुरेनं वहाणा काढल्या. उंबऱ्यापाशी नव्हे, अंगणाच्या बाहेर, बांधावरच. मी त्याच्याकडे बघत राहिलो. मग मीही काढल्या, का ते न कळता.

दारात धोंडीरामची आई हौसाबाई बसली होती. हडकुळी, कपाळावर गोंदण, हातात तांदूळ निवडायचं सूप. तिनं मला पाहिलं आणि सूप बाजूला ठेवून ती उठून दारात आडवी उभी राहिली.

"ह्याला कशापायी आणलास?" तिनं वेळापुरेला विचारलं. मला नाही.

"तेच येत होते. मी संगं आलो," वेळापुरे म्हणाला.

तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसत होतं. अंधारी खोली, कोपऱ्यात शेणानं सारवलेली भाताची मोठी कणगी, आणि कणगीपुढे भर दिवसा लावलेला दिवा. कणगीच्या काठाला तांबडी बोटं उमटली होती. तिळाच्या तेलाचा आणि शेंदराचा वास येत होता. मला एकदम सगळं लख्ख दिसलं. निदान तेव्हा तसं वाटलं. गुरव फितला आहे. देव इथे आणून भातात पुरलाय, आता वेळापुरेच्या टेम्पोतून तो हॉटेलात जाणार. कारंज्याशेजारी उभा राहणार. असल्या प्रसंगी माणसं काय करतात ते मी फक्त वाचलेलं होतं.

"दगड इथे आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता याचं मला आश्चर्य वाटलं. "भुशात भांडी भरतात तसा भरून ठेवलाय तुम्ही."

वेळापुरे माझ्याकडे वळला. चिडला नाही. "भुशात नाही सर, भातात. आणि आम्ही नाही, गावानं. आत जाऊ नका, एवढंच."

धोंडीराम गोठ्याकडून आला. त्यानं आईकडे पाहिलं, वेळापुरेकडे पाहिलं आणि बांधावर बसत मलाही बसायला सांगितलं. मग तो तुटक तुटक जे बोलला ते असं. देवाचं अंग, म्हणजे शेंदराचं कवच, आपसूक गळालं तर देव उघडा पडतो. त्याच्या आज्याच्या लहानपणी एकदा असंच झालं होतं. नवं अंग चढेपर्यंत उघड्या देवाला कुणी बघायचं नाही, गुरवानंही नाही. डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला हातांनी उकरायचं, घोंगडीत गुंडाळायचं आणि भातात निजवायचं. चांगला दिवस बघून नवा शेंदूर चढवायचा आणि जागेवर नेऊन बसवायचा.

"मग सकाळी सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

उत्तर हौसाबाईनं दिलं.

"तुज्यामुळं," ती म्हणाली. "आमचा देव उघडा पडला आन तू त्येला काच लावून बघितलास. गुडघं टेकून. शेळ्यावाल्या बायांनी बघितलं तुला. वरल्या गावात बी असाच एक चष्मेवाला आला हुता. बघितलं, लिवून घेतलं, आन म्हैन्याभरात त्येंची देवी सरकारी गाडीत घालून न्हेली. अब्यासाला म्हनं. आजून अब्यास चाललाय."

सकाळपासून ज्या गावात मी चोर शोधत होतो, त्या गावात आठवडाभर चोर मीच होतो. आणि पुण्याच्या जाणकारांनी फोनवर शेवटी काय म्हटलं होतं तेही मला आठवलं. दगड महत्त्वाचा निघाला तर तो उघड्यावर ठेवता येणार नाही, असं ते म्हणाले होते. मी त्यावर "अर्थात" म्हटलं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?" मी वेळापुरेला विचारलं.

"धोंडीराम शेंदूर न्यायला दुकानात आला, तेव्हा. इतका शेंदूर कशाला म्हटलं. तर आधी बेल उचलून शपथ घ्यायला लावली, मग सांगितलं."

"तिकडे तुमचं नाव अर्जात चाललंय."

"माहीत आहे. वकील दबक्या आवाजात बोलतात, पण झऱ्यापर्यंत येतो आवाज."

"मग बोला की तुम्ही."

"बेल उचललाय सर मी." तो बांधावरचं गवत तोडत होता. "आणि मी बोललो तर कोण ऐकणार आहे? माझं दुकान काय आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही आहे."

अर्ज माझ्या खिशात होता. त्यात नाव लिहायची जागा मी मोकळी सोडली होती. त्याचं नाव एकदा पोलिसांत गेलं की दुकानाची झडती होणार, गावभर होणार. झडतीत काही मिळालं नाही तरी माणूस पुन्हा पहिल्यासारखा राहत नाही. आणि खरं सांगावं तर त्याच संध्याकाळपर्यंत वकील, बाई, पुण्याचे जाणकार सगळे या कणगीपुढे उभे राहणार. मला दोन्हीपैकी एकच काहीतरी निवडता येईल असं वाटत होतं, आणि मला निवडायची सवय नव्हती.

हौसाबाई अजून दारातच होती. ती दोन पावलं पुढे आली.

"काय दिसलं तुला?" तिनं हळू आवाजात विचारलं.

मी धोंडीरामकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. नको असं म्हणाला नाही.

"गाई आहेत," मी म्हणालो. "तीन गाई. खाली एक माणूस पडलाय. गाई पळवणाऱ्यांशी लढताना मेला असावा. त्याला मिशी कोरलेली नाही. बाकीच्या वीरगळांवर आहे, याला नाही. पोरगा असावा. आणि वर एक ओळ आहे."

"काय वळ?"

"नाव झिजलंय. पुढे असं आहे की हा दगड त्याच्या आईनं उभा केला."

कणगीपुढच्या दिव्याची वात सरळ जळत होती.

"म्हातारबा पोरगा हाय?"

"मला तसं वाटतं. माझी चूकही असेल."

"बानं न्हाई? बायकूनं न्हाई?"

"आईनं."

हौसाबाई वळून आत गेली. कणगीपाशी जाऊन तिनं सारवलेल्या पाठीवर हात ठेवला. "आन आमी त्येला दर आवसंला तंबाकू ठिवतोय," ती म्हणाली. वेळापुरेला हसू आलं, त्यानं ते दाबलं. मग तिथूनच तिनं लेकाला हाक मारली. "धोंडीबा, पुढल्या पुनवंची वाट बगू नगंस. ह्याच सुक्रवारी अंग चडव. पोराला इतकं दीस उगडं ठिऊ न्हाई."

परतताना वेळापुरेनं एकदाच विचारलं, "काय सांगणार?"

मी म्हटलं, माहीत नाही. ते खरंच होतं.

राईच्या कडेला सगळे वाट बघत होते. सही झालेला अर्ज घ्यायला वकिलांनी हात पुढे केला. मी अर्ज त्यांच्या हातात दिला नाही. बाईंकडे बघून बोलायला लागलो, कारण वकिलांकडे बघून मला बोलता आलं नसतं.

"गुरवाची तक्रार नाही," मी म्हणालो. "आणि मलाही हा अर्ज देता येणार नाही. यात कोरीव, अक्षरं असलेला वीरगळ असं लिहिलंय. तो तसा नाही."

"म्हणजे?" बाई म्हणाल्या.

"साधा धोंडा आहे. उन्हानं तडे गेले होते. मला ती अक्षरं वाटली."

"अहो, तुम्ही नक्की म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. नंतर घरी पुस्तकांत पाहिलं. माझी चूक झाली. असल्या धोंड्याला कुणी व्यापारी हात लावणार नाही. गावकऱ्यांचं काही असेल, ते बघून घेतील."

मला वाटलं होतं कुणीतरी खोदून विचारेल. कोणत्या पुस्तकात, कोणतं अक्षर, वीरगळ म्हणाला होतात त्याचं काय. मी उत्तरं तयार ठेवली होती, वाईट होती ती. त्यांची गरज पडली नाही. वकील मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं." बाई हसल्या नाहीत. त्यांनी फोन काढला, थोड्या लांब गेल्या आणि पाठ करून पुण्याच्या जाणकारांशी बोलल्या. मला तुकडे ऐकू येत होते. 'क्षमा करा', 'आमचे एक वयस्कर सभासद', 'उत्साहाच्या भरात'. माझ्यावर विश्वास ठेवायला कुणालाही एवढा कमी वेळ कधी लागला नव्हता.

वेळापुरे झऱ्यातला गाळ काढायला वाकला होता. तो त्यानंतर दोन-तीन रविवारच आला. त्याच्यावरचा संशय कुणी उघड मागे घेतला नाही. त्याच्या हातची खुंटी मात्र कुणी घेईनासं झालं. पुढे म्हातारबा जागेवर परत दिसला तेव्हा वकील म्हणाले की चोरानं आपल्याला घाबरून आणून टाकला. वेळापुरे आमच्यात का आला होता, वितीनं दगड का मोजायचा, हे मला आजही नक्की माहीत नाही. मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. आम्ही भेटलो की तो विचारायचा, "काय सर, धोंडा काय म्हणतो?" आणि मी म्हणायचो, "बरा आहे."

त्या शुक्रवारी सकाळी धोंडीरामनं मला बोलावून घेतलं होतं. वेळापुरेच्या टेम्पोतून गेलो. गुरवाच्या घरात बायका भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या आणि काहीतरी जुनं, न कळणारं गाणं म्हणत होत्या. परातीत शेंदूर तेलात कालवलेला होता. धोंडीरामनं माझ्या डोळ्यांवर धुवट फडकं बांधलं, आणि मागून हौसाबाईनं ते पुन्हा एकदा ओढून घट्ट केलं.

"पैला हात ह्येचा," ती म्हणाली. "ह्यानंच उगडा बघितलाय, ह्यानंच झाकावा."

माझा हात धरून कुणीतरी दगडावर नेला. त्याला भाताची तुसं चिकटलेली होती. दगड गार होता. आधी गाईची पाठ लागली, मग शिंग. वर सरकलो तर ती ओळ. भिंगातून पाहिली होती त्याहून बोटांना ती जास्त खोल लागली. झिजलेलं नाव ओलांडून मी पुढे गेलो. एक एक अक्षर. माझी चूक नव्हती. मी पुन्हा मागे आलो आणि पुन्हा वाचायला लागलो.

"किती चाचपतुयास?" हौसाबाईचा आवाज अगदी कानाशी आला. इतका वेळ ती माझ्या हातांवर नजर ठेवून असावी, पण तिचेही डोळे बांधलेले असणार, मग कशी ठेवत होती कोण जाणे. "लाव की आता."

मी परातीत हात घातला आणि त्या ओळीवर शेंदूर लावला.